आसराच्या कोपऱ्यातला गाळ

भान्या, तुझ्या फोटोला हार घालून लोक लई खोटं बोलले. मी पुढच्या रांगेत बसल्ते. खुर्चीला मऊ गादी हुती, अन् वरून इतका गार वारा सोडल्ता की मला पदर कानावर घ्यावा लागला. म्हनलं, बरं हाय. तू निम्मा जलम बर्फात काढलास, आता तुझ्या नावानं आमालाबी गारठवत्यात.

एक चष्मेवाला उठला. म्हनला, सरांनी निसर्गाशी संवाद साधला. दुसरा उठला. म्हनला, सरांना तळ्यांची भाषा कळायची. मी दत्तूला कोपरानं ढोसलं अन् म्हनलं, तुझ्या मामाला घरच्यांची भाषा कळत नव्हती, ते कोन सांगनार? दत्तू म्हनला, "आये, गप बस, माईक हाय." मग गप बसले.

चहाच्या वक्ताला एका बाईनं जवळ येऊन इचारलं, "आजी, तुम्ही सरांच्या गावाकडच्या का?" मी म्हनलं, व्हय, गावाकडची. बहीन हाय म्हनून सांगितलं न्हाई. ती ज्याला सर म्हनती त्याचं नाक मी पदरानं पुसलंय, हे सांगून तिच्या बिस्किटाची चव कशाला घालवायची.

आता तुझ्या हापिसातली मानसं तुझ्यावर पुस्तक काढत्यात. बहिनीचेबी चार शब्द पायजेत म्हनले. मी बोलते, नात लिहिती. गोड बोलायला मला येत नव्हतं, तू मेलास म्हनून येईल असं न्हाई.

तू माती खायचास. हितूनच सुरू करते.

बहात्तरच्या दुष्काळात आपल्या वढ्यावर तलावाचं काम निघालं. बाप आधीच गेल्ता. आई खडी फोडायची, मी बांधावर मातीच्या पाट्या वाहायचे. तुला नुकतं चालाया येत हुतं. बाभळीच्या सावलीला बसवायचो, अन् घटकाभरानं बघावं तर तोंडात माती. कामावर सुकडी मिळायची, ती थुकायचास अन् माती गिळायचास. मी बोट घालून काढायचे अन् दोन चापट्या द्यायचे. माझ्या डोक्याला चुंबळीनं टक्कल पडल्तं, ते अजून तसंच हाय. पुढं कुनी इचारलं की भाऊ काय करतो, तर मी म्हनायचे, त्याची लहानपनची खोड गेली न्हाई. लोकांना वाटायचं म्हातारी गंमत करती.

तू शिकलास. आधी संगमनेरला, मग पुण्याला. मी दुसरीतनं घरी बसल्ते. माझ्या शिकायचं कुनी काढलं न्हाई, मीबी काढलं न्हाई. रडगानं गात न्हाई मी. तवा तसंच हुतं. पन शिकून काय झालास, तर चिखल उकरनारा. तालुक्यात दुसरी पोरं डाक्टर झाली, मास्तर झाली, एक तर तहशिलीत मोठ्या खुर्चीवर बसला. त्यांच्या आया-बहिनींना चावडीवर चार शब्द सांगायला तरी हुते.

पयल्यांदा गेलास तवा सांगायला आल्तास. मी चुलीपाशी हुते. म्हनलास, अक्का, पृथ्वीच्या पार दक्षिन टोकाला चाललोय, बर्फात. मी इचारलं, तिथं काय पिकतं? काय न्हाई म्हनलास. मानसं? न्हाईत म्हनलास. मग कुनासाठी चाललास?

"तिथं तळी हायेत, अक्का."

मी तव्यावरची भाकर तशीच ठेवून तुझ्याकडं बघत ऱ्हायले. भाकर करपली. त्या साली आपला तलाव कोरडा ठनठनीत, अन् गावातल्या बाया टँकरची वाट बघत हांडे मांडून बसल्येल्या. अन् ह्यो शाना जहाजात बसून दुसऱ्याचं तळं बघाया चाललेला.

परत आलास तवा मला शिकवाया बसलास. कोपऱ्यातल्या उतरंडीकडं बोट केलंस. अक्का, तळ्याचा तळ म्हंजे अशी उतरंड. खालचं मडकं सगळ्यात जुनं, वरचं सगळ्यात नवं. तिकडच्या तळ्यावर बर्फाचं झाकन असतं. उन्हाळ्यात तिथं दिवस मावळतच न्हाई, तवा कडंचा बर्फ वितळतो, पानी वाळू घेऊन तळ्यात उतरतं. हिवाळ्यात झाकन घट्ट बसतं, मग आत बारीक गाळ बसतो, अंधारात, गुमान. दर साली थर. आमी झाकनाला भोक पाडतो, दोरानं पाईप सोडतो, अन् ती उतरंड न मोडता वर काढतो. मग काकडीच्या चकत्या कराव्यात तशा तिच्या चकत्या करतो.

"अन् खाता?" मी इचारलं. व्हय, मुद्दाम इचारलं.

तू हसलास. तुला राग यायचा न्हाई, हीच तर तुझी खोड. मी किती टोचलं तरी तू बर्फावानी गार. सांगत बसलास, त्या चकतीत बारीक शेवाळ असतं, काचेची टरफलं असलेलं, डोळ्याला दिसत न्हाई. काही शेवाळाला खारं पानी लागतं, काहीला गोडं. तळात खाऱ्या पान्याचं घावलं अन् वर गोड्याचं, म्हंजे ते तळं आधी समुद्राचं लेकरू हुतं. जमिनीवरचं बर्फाचं ओझं उतरलं, जमीन वर आली, तळं आईपासनं तुटलं. जाड वाळू लागली म्हंजे बर्फ जोरानं वितळत हुता. काळा गुळगुळीत थर लागला म्हंजे उबदार सालं, झाकन उघडं, पान्यात जीव. एका थरात पक्ष्यांची शिट घावली, म्हंजे तवा तिथं पक्ष्यांची वस्ती हुती.

मी म्हनलं, भान्या, पक्ष्याची शिट बघायला सरकार तुला पगार देतं, अन् मी जलमभर शेन काढते तर मला कुनी चहा पाजत न्हाई.

एक गोष्ट मातर मला आवडली हुती. पयल्या सालच्या पाईपची. पाईपवर वरचं टोक कुठलं त्याचा बान काढायचा असतो. तू काढल्तास, पन तो पान्यानं पुसला. हिकडं आल्यावर तू सगळी उतरंड उलटी वाचलीस. बर्फ गेला तवा आला म्हनून लिवलंस, आला तवा गेला म्हनून. तुझ्या वरच्या साहेबाला ते घावलं अन् त्यानं तुला सगळ्यांपुढं उभा करून हासडला. ते ऐकून मी पोट धरून हसले. वरचं खाली अन् खालचं वर करनारा भाऊ मला कळत हुता. पुढं तू कवाबी शानपना शिकवाया लागलास की मी म्हनायचे, पाईप सरळ धरलाय का बघ आधी.

सुनंदाची पोर झाली तवा तू बर्फात. भावजयीच्या बाळंतपनाला मी गेले पुण्याला, लिफ्टीला भ्यायचे म्हनून जिन्यानं चढ-उतर केली. तुझा फोन आला, खरखर ऐकू यायची. सुनंदानं पोरीचा रडन्याचा आवाज ऐकवला. तू म्हनलास, अक्का, इथं एक तळं घावलंय, कधी जलमलं ते कळायला लागलंय. मी फोन सुनंदाच्या हातात दिला. तळ्याचं बाळंतपन करनारा पुरुस मी एकच बघितला.

आई गेली तवाबी तू बर्फात. तिनं तुझं नाव घेतलं म्हनून मी सांगनार न्हाई, कारन घेतलं न्हाई. तिनं पानी मागितलं. मी पाजलं. दत्तूनं अग्नी दिला. तुझं जहाज म्हनं बर्फ फुटल्याबिगर निघत न्हाई. तू आलास तवा वर्षश्राद्ध जवळ आल्तं. वसरीवर बसलास. मग म्हनलास, अक्का, त्या दिवशी आमी पाईप वर काढत हुतो. मला वाटलं आता रडशील. तर म्हनलास, चांगला निघाला, मोडला न्हाई.

मी उठून गोठ्यात गेले.

एकदा मी सरळ इचारलं, यंदा पाऊस कसा हाय ते सांग. म्हनलास, अक्का, मी मागचं सांगतो, पुढचं न्हाई. मी म्हनलं, मागचं तर मीबी सांगते, त्याला पुण्याला जावं लागत न्हाई.

मग तुला आपला तलाव आठवला. इतक्या सालांनी. केसं पांढरी झाल्यावर. उन्हाळ्यात आलास, बरोबर दोन पोरं, पाईप, दोर. तलावाच्या मधी पाईप ठोकला, काढला, उभा चिरला, अन् तोंड पाडून बसलास. समदं एकात एक. थर न्हाईत. थर ऱ्हातील कसे? दर उन्हाळ्याला पानी आटलं की समदा गाव गाळ काढतो. आधी बैलगाडीनं, आता टेम्पोनं, ट्रॅक्टरनं. आपली जमीन मुरमाड, गाळ टाकला तर बाजरी उभी ऱ्हाती. तू कपाळावर हात मारून म्हनलास, "अक्का, तुमी इतिहास शेतात पसरला गं."

मी तुला बांधावर नेऊन बाजरी दावली. म्हनलं, बघ कशी आलीया तुझ्या इतिहासात. कनसं मोज.

तवाच तुझी नजर आसराच्या कोपऱ्याकडं गेली. मी बघितली जाताना.

जिथं वढा तलावात शिरतो तिथं साती आसरा हायेत. बांध व्हायच्या आधी तिथं डोह हुता, अन् आई तुला त्याच डोहात धुवायची. डोह पान्याखाली जानार म्हनून आईनं ते सात दगड उचलून जरा वर, कडंला मांडले, शेंदूर लावला. तवापासनं त्या कोपऱ्यातला गाळ कुनी काढत न्हाई. टेम्पोवालाबी लांबनं वळवतो. पान्याच्या बाया त्या, त्यांच्या अंगनात फावडं घालायचं न्हाई. आई गेल्यावर दही-भात मी नेते, हिरव्या बांगड्या मी ठेवते.

तू कालेजात असताना त्या दगडांवर पाय ठेवून उभा ऱ्हायल्तास, आठवतंय? आईनं तुला जेवू घातलं न्हाई त्या दिवशी. तू म्हनल्तास, आये, हे बेसाल्ट हाय, ह्यात बाई-बिई काय न्हाई. अन् आता त्याच बायांनी राखलेला गाळ तुला पायजे. तुझ्या शास्त्रानं त्याला फावड्यापासनं वाचवला न्हाई. सात दगडांनी वाचवला.

त्या उन्हाळ्याला तू तोंड उघडलं न्हाईस. एवढी लाज हुती. गेल्या भाऊबिजेला आलास तवा उघडलंस.

भाऊबिजेला तू कवा यायचास? दिवाळी झाली की तुझं जहाज सुटायचं. सालोसाल मी चांदोबाला ओवाळलं. यंदा आलास. पाट मांडला, कुकू लावलं, ओवाळलं. आता ताटात काय तरी पडंल म्हनून ताट पुढं धरलं, तर तू हात जोडलेस.

"अक्का, एक मागतो."

"आज मागायचं माझं असतं, येड्या."

"आसराच्या कोपऱ्यात एक पाईप घालू दे. मनगटाएवढा. तिथं बांधाचा गाळ हाय, अन् त्याच्याखाली डोहाचा. जगातल्या तळ्यांचं वाचलं मी. हे एक ऱ्हायलंय."

दत्तूची बायको तोंडाला पदर लावून हसली. भाऊबिजेला भाऊ ओवाळनी घालतो, अन् ह्यो बहिनीकडं चिखल मागतोय. मी ताट खाली ठेवलं.

"मी मेल्यावर घाल काय घालायचं ते."

"तू लई दिवस मरायची न्हाईस."

"मग लई दिवस थांब."

तू हसलास. ताटात लुगडं ठेवलंस, तेबी पुण्याचं, रंग गेलेल्या काकडीवानी. मी घडीच्या घडी पेटीत टाकलं. जाताना गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हनलास, थांबतो. झालं. त्याच्यावर आपलं बोलनं न्हाई.

अन् थांबला न्हाईस. शब्दाचा पक्का कवाच नव्हतास. बर्फानं नेलं असतं तर लोकांनी अजून चार भाषनं केली असती. तू घरात, खुर्चीत, पेपर वाचता वाचता गेलास. सुनंदा सैपाकघरात हुती. पेपर पडल्याचा आवाज आला म्हनली.

आता शिमगा झाला अन् सुनंदा आली. एकटी, गाडी करून. गाडीच्या टपावर लांब काय तरी बांधलेलं. मला वाटलं तुझं सामान वाटाया आनलं. बघते तर पाईप. नवा, चकचकीत.

ती वसरीवर बसली. पानी प्याली. मग म्हनली, "अक्का, हा घ्या. यांनी दिवाळीनंतर आणून ठेवला होता, दाराच्या मागं. रोज दार उघडलं की माझ्या पायाला लागतो. वेलाला आधार करा, नाहीतर गोठ्यात लावा. मला घरात नको."

मी म्हनलं, भोपळ्याचा वेल हाय, त्याला चालंल.

"आणि आमचा फ्रीजर, अक्का. तीस वर्षं त्यात भाजीच्या शेजारी चिखल. एकदा पाहुण्यांना मी आंबावडी समजून त्यातली चकती काढून दिली असती."

मी हसले. तीबी हसली. मग आमी दोघी तुझ्यावर जे बोललो ते ह्या पुस्तकात छापता यायचं न्हाई. लई बरं वाटलं. पुण्यात त्या गार खोलीत तुझ्याविषयी एवढं बोलले, पन तुला वळखनारं तिथं कोनी नव्हतं. हितं वसरीवर दोन बाया तुला शिव्या देत हुत्या, तवा मला तू मेल्यासारखा वाटलास. तवर वाटला नव्हतास. तवर तू जहाजातच हुतास.

सुनंदानं डोळे पुसले अन् पाईपकडं बघितलं. म्हनली, "कशासाठी आणला होता कोण जाणे. सुट्टीवर होते."

तिला तू सांगितलं नव्हतंस. मी सांगितलं. भाऊबीज, ताट, समदं. 'अक्का, हो म्हणायचं होतं' असं काय म्हनली न्हाई, म्हनून तर ती मला आवडती. नुसतं म्हनली, मग वेलालाच लावा.

मी पाईप हातात घेतला. हलका हुता. मी दत्तूला हाक मारली, म्हनलं, घन काढ.

तुझ्यासाठी न्हाई, भान्या. तू नुसत्या तोंडानं मागितलं असतंस तर मी अजून धा सालं न्हाईच म्हनले असते. पन हात जोडलेस तवा तुझ्या हाताला बर्फानं फुटलेल्या भेगा मी बघितल्या हुत्या. असल्या भेगा आईच्या हाताला हुत्या, खडी फोडताना. मला त्या पाईपवर भोपळ्याचा वेल बघवला नसता रोज. एवढंच.

दही-भात केला. हिरव्या बांगड्या घेतल्या, खन घेतला. पानी मागं सरलंय आता, आसराच्या कोपऱ्यात वर भेगाळलंय, खाली वलं हाय. दगडांना शेंदूर लावला अन् बायांना सांगितलं, चोरी न्हाई, मागून नेतोय. तुमच्या दगडावर पाय देनाराच हाय तो, पन आता त्याला पाय न्हाईत. एवढं मनगटाएवढं द्या.

पाईपवर फळी धरली, दत्तूनं घन घातला. पाईप आधी सरसर गेला, मग अडला, मग परत गेला. सुनंदा शहरातली बाई, साडी खोचून चिखलात उभी. दत्तू ओढाया लागला तशी ती वराडली, "थांबा! आधी वरचं तोंड बंद करा, मग ओढा. नाहीतर सगळं खाली सुटतं." दत्तूनं बघितलं. ती म्हनली, "जेवताना भाजी कशी झाली विचारलं की हेच सांगायचे. मला झोपेतही येतं."

पिशवीनं तोंड आवळलं. पहारी लावून, दोर बांधून तिघांनी ओढला. मी म्हातारी, मीबी दोराला हात घातला. गाळानं पाईप सोडला तवा असा आवाज झाला, वासरू गाईच्या पोटातनं निघताना हुतो तसा. भोकात लगीच पानी भरलं.

पाईप आडवा ठेवला. खालच्या टोकाला थोडं दिसत हुतं. काळं, लोन्यावानी गुळगुळीत. तू सांगितलेलं, काळं म्हंजे पान्यात जीव. तो डोहाचा गाळ असंल. मी बोटाला लावला. वास घेतला. चाखला न्हाई, घाबरू नगस, मी काय तू न्हाई.

सुनंदानं पिशवीतनं पेन काढला, वरच्या टोकाकडं बान काढला. म्हनली, तुझ्या हापिसातली एक बाई हाय, तिच्याकडं नेऊन देते, ती वाचंल. किती महिनं लागतील सांगता येत न्हाई. मेल्यावरबी तुझं काम वक्तात न्हाई.

मी आसराच्या खनातनं एक चिंधी फाडली अन् वरच्या टोकाला बांधली. तीन गाठी मारल्या. सुनंदा म्हनली, "अक्का, बाण काढलाय ना." मी म्हनलं, पेन पुसतं. ह्या घरात एकदा पुसलाय.

आता पाईप पुण्याला गेला. टपावर, चादरीत गुंडाळून, चिंधी भाईर. भोक मी बुजवलं न्हाई, वढा बुजवंल.

चिंधी बांधलीय तिकडं तू गेलास ते साल हाय. दुसऱ्या टोकाला आई तुला डोहात धूत हुती ते. मधलं समदं माझं हाय, चांगलं, वाईट, कोरडं, वलं. कोन वाचंल ते वाचू दे, मी कुनाला अडवत न्हाई.

चिंधी वर, भान्या. उलटा धरू नगस.